ईशान्येकडचा उतार

२ मार्च, रविवार
बाथरूमचं काम आजपासून माझ्या ताब्यात. बिल्डर कीथ सुट्टीवर गेलाय, फरश्या बसवायला डीन नावाचा माणूस धाडलाय. लंडनच्या या क्रॉयडन भागात कोणाच्या घरी नसेल अशी सोय करतोय: बादलीने अंघोळ करायची, पाणी जमिनीतल्या जाळीतून जायचं. जाळी खिडकीखाली, पाइपच तिथे आहे. डीनला व्हॉट्सॲप केला: वास्तूप्रमाणे उतार ईशान्येला, म्हणजे दाराकडे. कीथला विचारू नकोस, याचे पैसे मी देतो. त्याने दोनदा विचारलं, नक्की ना? अनुभव कमी दिसतो.

८ मार्च, सकाळी ७.१०
पहिली बादली. पाणी दाराबाहेर, तिथून जिन्याने खाली. निकृष्ट काम! एक पेनी मिळणार नाही, असं डीनला ठणकावून कळवलं. ऋजुता जिना पुसताना काहीतरी सांगत होती. बायकोचं ऐकायला वेळ नव्हता.

१० मार्च
डीन म्हणतो, पैसे दे, नाहीतर घरावर लीन लावतो. म्हणजे कागदांवर बोजा, मग घर विकणं अशक्य. चौदा वर्षं राबून घेतलेलं घर! पण मी घाबरणाऱ्यांतला नाही. तीन तास यूट्यूबवर कायदा पाहिला. सगळा टेक्ससचा निघाला. तत्त्व तेच असणार.

११ मार्च
डीनला अकरा पानी पत्र. घरात पाऊल टाकायचं नाही. ब्लॉक केला.

१४ मार्च
ग्राहकांच्या कायदा हेल्पलाइनला फोन. बाई म्हणाल्या, फरशीवाल्याला इथे असा परस्पर बोजा चढवता येत नाही. जिंकलो! मग बाईंनी विचारलं, करार बिल्डरशीच ना, की तुम्ही त्याला थेट काही सांगितलं होतं? मी अभिमानाने मेसेज वाचून दाखवला. बाई म्हणाल्या, मग तेवढ्या कामाचा करार तुमचाच. सांगितलं तसंच केलं असेल, तर पैसे द्यावे लागतील, नाहीतर तो कोर्टात जाईल. बाईंना वास्तूतलं काही कळत नाही.

१९ मार्च
अंघोळ ऑफिसच्या जिममध्ये. ऋजुता शेजारी प्रमोदिनीताईंकडे जाते. आज तिने विचारलं, जाळी एकीकडे, उतार दुसरीकडे, पाण्याने करायचं तरी काय? या घरात माझी बाजू घेणारं कोणी नाही. फार एकटं वाटलं. डीनला अनब्लॉक केलं. पैसे पाठवले, सॉरीही लिहिलं. व्यवहार म्हणून.

२२ मार्च, शनिवार, सकाळी १०
डीन फरश्या पुन्हा बसवायला आलाय. नवीन काम, नवीन पैसे. आणि अट, लेखी: सूचना फक्त ऋजुता देणार, मी एक जरी दिली तर तो अवजारं उचलून निघून जाणार. ऋजुताने वाचायच्या आधीच सही केली. मग मीही केली.

मी खाली स्वयंपाकघरात बसलोय. त्याला चहा घे म्हणायचं होतं. पण तीही सूचना धरली तर?