छकुलीचं कपाळ

आई,

छकुलीला ताप आहे. काल तुम्ही म्हणालात, तेव्हा मी कपाळाला हात लावून "काही नाही, उगाच घाबरता" म्हटलं. पहाटे ती कण्हायला लागली, थर्मामीटर लावला, तर तुमचंच खरं. औषध दिलंय, दुपारचं फ्रिजवर ठेवलंय.

पेशंट उचलून उचलून माझ्या मानेतली नस दबलीय. उजव्या हाताच्या बोटांना गरम-गार कळेनासं झालंय. आज मेट्रनबाईंना सांगून टाकते, इंजेक्शनं टोचायचं काम मला देऊ नका. ह्यांना मीच सांगेन.

यापुढे तिचं कपाळ तुम्हीच बघा, नर्स सुनेचं ऐकू नका.

निघताना तिच्या गालावरून हात फिरवला. काही जाणवलंच नाही, म्हणून डाव्या हाताने पुन्हा फिरवला.