मुनियांची कणसं

२ डिसेंबर, रिठद
ही सकाळच्या एसटीने अकोल्याला गेली. शीतलचे दिवस भरत आलेत. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, गावातल्या सगळ्या पोरींचं झालं. माझ्या पोरीचं नाही. दारात ही म्हणाली, "बाप असून पोरीले आनाले जाता येत नाही तुमाले. मंग मीच जातो."
दोन कामं सांगून गेली. पानफुटीला पाणी बेताचं, संध्याकाळी कुंडी घरात. परसातल्या तारेवर पाखरांना कणसं. दोन्ही शी.चेच उद्योग. पानफुटीचं एकच पान तिने नर्सिंगच्या होस्टेलातून वहीत घालून आणलं होतं.

५ डिसें.
थंडी आहे. मुनिया पंधरा-वीस तरी. पोटावर ठिपके, एवढ्याशा, पण भांडखोर. चहा गार होईस्तोवर पाहत बसलो.
लग्नाला तीन वर्षं झाली. जावई आपल्यातला नाही म्हणून गेलो नाही. त्या दिवशी हरभऱ्याला पाणी देत बसलो होतो. गरज नव्हती. लोकांना दिसावं म्हणून.

९ डिसें.
कणसं संपली. घरात खायची ज्वारी आहे, पण चांगलं धान्य पाखरांना कशाला, असं मनात आलं. खरं ते लिहितो. पेरणीचं बियाणं उरलं होतं, औषध लावलेलं, गुलाबी. तीन पाण्यांनी धुतलं, उन्हात वाळवलं. रंग गेला. ताटलीत ठेवलं.

११ डिसें.
चार मुनिया तारेखाली पडलेल्या. एक हातात घेतली, वजनच नाही. लिंबाखाली पुरल्या. ते बियाणंही खोल पुरलं, ताटलीसकट. बाकीच्या आल्या नाहीत.
ही "कणसंच लावा" म्हणाली होती.

१२ डिसें.
दुपारी जावयाचा फोन, पहिल्यांदाच. "जयभीम बाबा. मुलगी झाली. दोघी बी चांगल्या हायेत."
मी "हो का, बरं बरं" म्हटलं. जयभीमला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे, या गावात जन्म गेला. जीभ रेटली नाही.
मग शी. तीन वर्षांनी आवाज. "बाबा, मुनिया येऊन राह्यल्या का अजून?"
"येतात की."
"बाळाले दाखवीन म्हनतो."
दाखवायचं म्हणजे घरी यायचं. खोटं बोललो होतो, त्या आशेने ते तसंच राहू दिलं.

२० डिसें.
शेजारच्या भाऊंकडून कणसं मागून आणली, तारेला बांधली. आठ दिवस झाले. एक पाखरू नाही.
पानफुटीला पाणी जास्त झालं. खोड मऊ लागतं. काळजी वाटली की पाणी घालतो, दुसरं काही सुचत नाही.
हिचा फोन. "सव्वा महिना झाला का आनतो तिले. पन तुमी सोता म्हना, ये म्हनून. मी नाही सांगनार."
फोन तीनदा हातात घेतला. उद्या…

२८ डिसें.
केला. जावयाने फोन उचलला. या वेळी मीच आधी म्हटलं, "जयभीम."
"जयभीम बाबा. देतो तिले."
शी.ला सगळं सांगून टाकलं. बियाणं, चार मुनिया, खोटं बोललो ते. "मी धुतलं होतं व माय, तीन पान्यानं."
"धुतल्यानं जात नाही ते, बाबा."
मागून बाळाचं कुरकुरणं ऐकू आलं. मग, "पानफुटी तरी हाय का?"
खोड सडलं, म्हटलं. एक पान मातीवर गळून पडलंय, त्याच्या कडेला बारीक कोंब फुटलाय.
"त्याले पानी देऊ नका आता."
"देत नाही. तू ये. तिघंबी या."
"पाहू," म्हणाली.
कणसं तारेवर तशीच आहेत, दाणा न दाणा.