मामांनी पुसलेलं खोकं

धाराशिव,
दवाखान्याच्या मागच्या दारातल्या बाकावरून

तीर्थस्वरूप गुरुसिद्धप्पा मामा,

शरणु शरणार्थी. इकडे मी खुशाल आहे. तुमच्या गुडघ्याची चौकशी मामींकडे केली. त्या म्हणाल्या, गुडघ्याची सूज उतरली, नाकावरचा राग उतरलेला नाही. तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून हे पत्र लोहाऱ्याच्या जीपवाल्याच्या हाती देतो आहे. शांताक्का मामींनी ते मोठ्याने वाचावं आणि तुम्ही पाठ फिरवून का होईना, पण ऐकावं. (मामी, कंसातलंही वाचा. मागच्या वेळी गाळलंत.)

"बत्ती नको तर मामा बी नको, लगीन तुझं तू लावून घे," असं म्हणून तुम्ही त्या दिवशी एसटीत चढलात. लग्न आता तोंडावर आलं आहे. पाठीशी मामा उभा नाही असा नवरदेव आपल्या घराण्यात आजवर झाला नाही आणि तो पहिला मान मला नको आहे. तेव्हा त्या दिवशी नेमकं काय घडलं ते एकदा ऐका आणि मग खुशाल रागवा.

मुळात माझं काम काय, इथूनच गोंधळ आहे. तुम्ही लोहाऱ्यात भाचा अणुशास्त्रज्ञ आहे म्हणून सांगत फिरता. खरं म्हणजे आमच्याकडे थायरॉइडच्या रुग्णांसाठी किरणोत्सारी औषध शिशाच्या जाड भांड्यात, खोक्यात घालून येतं आणि रिकामी भांडी त्याच खोक्यांतून कंपनीकडे परत जातात. खोकं गाडीत चढण्याआधी मी त्याच्या अंगावरून एक गोल कागद घासतो आणि तो मोजणीच्या यंत्रात ठेवतो. औषधाचा कण बाहेर लागलेला असेल तर तो कागदावर येतो, यंत्र आकडा दाखवतं आणि खोकं अडतं, नाहीतर तोच कण ड्रायव्हरच्या हाताला, हातातून भाकरीला लागायचा. (माझ्या होणाऱ्या सासूबाईंना, सिद्धम्मांना, मी हे तासभर समजावलं. त्या म्हणाल्या, "म्हंजी फडकं मारायचं काम हाय की!" एवढ्या शिक्षणाचा असा निकाल लागला.)

तर त्या दिवशी तुम्ही लग्नाच्या खरेदीला आलात आणि साड्या निवडायला सिद्धम्माही आल्या. तुमच्या एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात गॅसबत्ती. मंडप-भांड्यांच्या तुमच्या दुकानातल्या बाकीच्या बत्त्या केव्हाच भंगारात गेल्या, पण माझ्या आईचं लग्न जिच्या उजेडात लागलं ती ही एक तुम्ही जपली आहे आणि माझ्या वरातीत तीच पुढे चालणार होती. दारावरचं तीन पात्यांचं चिन्ह पाहून "पंखे दुरुस्त करता काय रं इथं?" असं तुम्ही विचारलंत, इथवर सगळं ठीक होतं. मी तुम्हा दोघांना या बाकावर बसवलं आणि आत कागद आणायला गेलो. एसटीच्या धक्क्यांनी बत्तीतलं जळकं मॅन्टल, ती पांढरी जाळीची पिशवी, चुरा झाली होती. तुम्ही राख झटकलीत, काच उपरण्याने पुसलीत. मग तुमची नजर बाकाजवळ गाडीसाठी काढून ठेवलेल्या खोक्यावर गेली. भोवती दोरी होती, पण दोरी गिऱ्हाइकासाठी असते, मालकासाठी नसते, हा तुमचा जुना सिद्धान्त. माल दुकानातून निघताना झटकून, पुसून द्यायचा ही तुमची उभ्या जन्माची रीत. खोक्यावर धूळ, भाच्याचा माल, आणि हातात उपरणं. तुम्ही ते चारी बाजूंनी, वरून, कोपरे धरून असं पुसलंत की आमच्याकडे कुणी कधी पुसलं नसेल.

मी कागद घासला, यंत्रात ठेवला आणि आकडा मर्यादेच्या कितीतरी वर गेला. औषध गळलं! दुसरा कागद घेतला, तोही तसाच. आमच्या प्रमुख उमादेवी मॅडम धावत आल्या. त्यांनी माझे हात मोजले, चपला मोजल्या, फरशी मोजली, सगळं स्वच्छ. गाडीवाला बाहेर हॉर्न वाजवतोय आणि मला नोकरी गेल्याचं स्वच्छ दिसतंय. मॅडम मीटर घेऊन बाकाजवळून गेल्या आणि तुमच्या खांद्यापाशी त्याची टकटक एकदम वाढली. पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. "मला कसलाबी रोग न्हाय!" असं तुम्ही ओरडत होतात, दोघेजण तुमचे हात साबणाने धूत होते आणि उपरणं तुमच्या नावाची चिठ्ठी लावून प्लास्टिकच्या पिशवीत गेलं. (कपाळावरची विभूती मात्र यंत्राने निर्दोष ठरवली, हे मामींनी जरा जोरात वाचावं.) सिद्धम्मांनी पदराने तोंड झाकलं होतं, पण त्या भ्यायल्या नव्हत्या, हसत होत्या, हे मी आज सांगतो.

मग मॅडमनी तुमच्या खिशातलं मॅन्टलचं पाकीट यंत्राजवळ धरलं आणि उलगडा झाला. या जुन्या मॅन्टलमध्ये थोरियम असतं. त्यानेच बत्तीचा उजेड असा लख्ख पडतो, आणि तेही किंचित किरणोत्सारीच. खोकं निर्मळ होतं; ते दूषित झालं पुसण्याने. ओल्या कागदाने पुन्हा पुसलं, पुन्हा मोजलं आणि गाडी निघाली. "दूषित" हा आमच्या कामातला शब्द आहे, मामा. तुम्हाला तो "माझ्या बत्तीला घाण म्हणतो" असा लागला. आईच्या लग्नातल्या बत्तीला मी घाण म्हणेन का? आणि एसटीत ही हकीकत तुम्हीच सगळ्यांना ऐकवलीत, मग लोहाऱ्यापर्यंत तुमच्या शेजारी कुणी बसलं नाही, त्याला मी काय करू? निदान पाय पसरून गेलात.

मोठ्यांना नमस्कार, धाकट्यांना गोड पापा.

तुमचा भाचा,
शिवकुमार

ता. क. उपरणं धुऊन, मोजून परत देणार आहे. घरी पोचल्यावर त्याने काही पुसू नका. मॅन्टल बांधल्यावर हात साबणाने धुवा आणि राख झटकताना तोंड बाजूला करा, एवढंच मॅडमचं सांगणं आहे.

आणखी ता. क. वरातीला विजेची माळ नको, बत्तीच हवी, असं सिद्धम्मांनी निक्षून सांगितलं आहे. बत्ती तुम्ही रागात मॅन्टलच्या पाकिटासकट माझ्या खोलीवरच टाकून गेलात, तेव्हा ती माझ्याकडे सुखरूप आहे.

शेवटचं ता. क. सुखरूप म्हणजे, तुम्ही येत नाही तर मीच शिकावं म्हणून काल मी मॅन्टल बांधून पाहिलं. पहिलं फाटलं. दुसरं पेटलं आणि बोट लागताच बाहीवर चुरा झालं. तिसऱ्याचंही तेच. सकाळी तोच शर्ट घालून कामावर आलो, कागद घासताना बाही लागली आणि खोकं पुन्हा अडलं. मॅडमनी यंत्राकडे न बघताच विचारलं, "आज मामा आलेत की भाचा?" सध्या मी दवाखान्याचा हिरवा अंगरखा घालून तुमच्याच जागेवर बसलो आहे. शेजारी कुणी बसत नाही. शर्ट माझ्या नावाची चिठ्ठी लावून तुमच्या उपरण्याशेजारी ठेवला आहे. मामा, मला बांधता येत नाही. या.