गाऱ्हाण्याची कॅसेट

मुलुंड (पूर्व),
मार्गशीर्ष, सन १९८६

चि. जयवंत यास दत्ताराम याचे अनेक आशीर्वाद.

येथे आम्ही उभयता कुशल आहोत. माझा गुडघा डॉक्टरच्या मते सुधारत आहे. गुडघ्याचे मत निराळे आहे. तुझी, सौ. रत्नप्रभाची व तांबड्या गाईची प्रकृती उत्तम असावी. (गाईची चौकशी मुद्दाम केली. तुझ्या लांबलचक पत्रात माझ्या फजितीचे सविस्तर वर्णन आहे, त्या मुक्या जनावराविषयी ओळसुद्धा नाही.)

तुझे पत्र तुझ्या मुलाने, दशरथने, आणून दिले. तू लिहितोस की, जत्रेच्या दिवशी भावकी अंगणात जमली, देवापुढे नारळ ठेवला, आणि गुडघ्यामुळे मला येता न आल्याने मी पाठवलेली, भावकीच्या वतीने देवाला घालायच्या गाऱ्हाण्याची कॅसेट तू आपल्या नव्या टेपवर लावलीस. तेव्हा त्यातून घरातील वडील पुरुषाचा आवाज न येता खारीचा आवाज आला. प्रत्येक मागणीनंतर भावकीला ‘व्हय म्हाराजा’ म्हणता यावे म्हणून मी मध्ये जागा सोडली होती. ती जागा म्हणे इतकी आखूड झाली की, भावकीचे ‘व्हय’ होईपर्यंत माझी पुढची मागणी देवाकडे पोचलेली असे. पोरे हसली. आपले दादूकाका, जे स्वतःच्या लग्नातही हसले नव्हते, तेही हसले. मग नाइलाजाने तू स्वतः गाऱ्हाणे घातलेस. तुझा हा नाइलाज मी ओळखतो. आपले वडील आबा वारले व गाऱ्हाण्याचा मान त्यांच्याकडून माझ्याकडे आला, तेव्हापासून तो तुझ्या घशाशी येऊन थांबलेला आहे. वर तुझ्या गाऱ्हाण्याची कॅसेट ‘दादाने सवडीने ऐकावी’ म्हणून पाठवलीस, आणि ‘पुढील वर्षापासून दादाने त्रास घेऊ नये’ असेही लिहिलेस. जयवंता, तू मॅट्रिक झालास व मी चौथी, हे गावाला ठाऊक आहे. परंतु भावकीचे गाऱ्हाणे घालण्याचा मान वडीलकीचा आहे, मॅट्रिकचा नव्हे.

आता माझ्या टेपविषयी. ‘दादाचे यंत्र बिघडले असावे’ असे तू लिहितोस. हे यंत्र जपानी आहे, कातडी पिशवीतले, खांद्याला अडकवता येणारे. आमच्या खालच्या मजल्यावरील बोटीवरच्या गृहस्थांनी ते तेराचौदा वर्षांपूर्वी आणले व घर बदलताना मला देऊन गेले. श्रावणात ते कुरकुरू लागले. ज्या माणसाची हयात गिरणीत कापड विणणाऱ्या साच्यांना तेल घालण्यात गेली, त्याला कुरकुरीचा अर्थ दुसऱ्याने सांगावा लागत नाही. फिरणाऱ्या वस्तूला तेल लागते. मी झाकण उघडून, शकुच्या शिलाई मशीनची बुधली घेऊन (शकु म्हणजे शेजारीण, बुधली परत केली आहे), फिरणाऱ्या प्रत्येक भागाला तेल दिले. चाकांना दिले, खिळ्यांना दिले, आत एक काळा रबरी पट्टा होता त्यालाही दिले, कारण दुजाभाव करणे माझ्या स्वभावात नाही. कुरकुर तात्काळ थांबली. तेव्हापासून दर शनिवारी, गिरणीच्या शिस्तीप्रमाणे, तेल देत आलो आहे. त्याच यंत्रावर मी गाऱ्हाणे भरले व त्याच यंत्रावर ऐकून पाहिले. आवाज माझा, खणखणीत.

तरीही तुझ्या समाधानाकरिता, दशरथने परत आणलेली ती कॅसेट व यंत्र घेऊन मी स्टेशनजवळच्या भीमराज रेडिओवाल्याकडे गेलो. यंत्र निर्दोष असल्याचे त्याच्या तोंडून वदवून घ्यावे, एवढाच हेतू होता. हा तरुण अत्यंत विद्वान आहे. झाकण उघडताच त्याने बोट आत घातले, बाहेर काढून वास घेतला व म्हणाला, “आजोबा, भजी तळली काय यात?”

मी त्यास गिरणीतील माझ्या नोकरीची कल्पना दिली.

“अहो, तो साचा, हा टेप. रबराला तेल लावलं की पट्टा घसरतो ना. घसरला की मशीन हळू चालतं. तुम्ही हळू मशीनवर आवाज भरला, म्हणून इथं बरोबर वाजतो. चांगल्या मशीनवर टाकला की पळणारच.”

एवढे बोलून त्याने माझी कॅसेट दुकानातील टेपवर लावली. रस्त्याने जाणारी माणसे थांबली. एक बाई आपल्या मुलास म्हणाली, “बघ, पोपट देवाचं म्हणतोय.” मी भीमराजला शांतपणे सांगितले की, तुझा टेपही आमच्या जयवंतच्या टेपसारखाच नादुरुस्त आहे. तो म्हणाला, “म्हणजे सगळ्या मुंबईचे टेप बिघडले आणि तुमचा एकटा झकास?” मी म्हटले, बहुमताने निवडणुका होतात, यंत्रे नव्हेत. त्यावर त्याने आपल्या टेपातून कॅसेट काढून माझ्या हाती दिली. नवा पट्टा येण्यास दोन दिवस लागतील, तोवर यंत्र घरी न्या, फक्त त्याला तेल दाखवू नका, असे त्याने बजावले. पट्टा बसवण्यास मी संमती दिली, ती केवळ त्याच्या धंद्याला उत्तेजन म्हणून.

सारांश, दोष तुझ्या टेपचा आहे. तो दुरुस्त करून घे. पुढील जत्रेचे गाऱ्हाणे मी पुन्हा भरून पाठवीन व तेच लावले जाईल. लहानांस आशीर्वाद, दादूकाकांस नमस्कार. (त्यांचे हसणे थांबले असल्यास.)

तुझा वडील बंधू,
दत्ताराम

ता. क. – दुकानातून परत आल्यावर, कर्तव्य म्हणून, तुझी कॅसेट माझ्या यंत्रावर लावली. तुझा आवाज लहानपणापासून बारीक. शाळेत तुला मुलींच्या रांगेत उभे करीत, हे विसरला नसशील. परंतु यंत्रातून तो निराळाच आला, जाड, सावकाश, प्रत्येक शब्दावर टेकत. तुझी वहिनी वनमाला स्वयंपाकघरातून पदर डोक्यावर ओढून घाईने बाहेर आली व दाराआड उभी राहिली. मी विचारले, काय झाले. म्हणाली, “माका वाटला, मामंजी इले.”

आणखी ता. क. – आबांचाच आवाज होता. ते ‘बा देवा म्हाराजा’ म्हणून जसे थांबत, तसेच थांबत होते. मी गुडघ्याचा विचार न करता उभा राहिलो व शेवटपर्यंत प्रत्येक मागणीला ‘व्हय म्हाराजा’ म्हटले. वनमालानेही म्हटले.

शेवटचा ता. क. – पट्टा आल्याचा भीमराजचा निरोप आला होता. नको म्हणून कळवले. पुढील जत्रेस गाऱ्हाणे तूच घाल. मात्र तुझ्या नव्या टेपवर पूर्ण भरून मला पाठव. भावकीसाठी मध्ये जागा सोडतोस तशी आम्हा दोघांसाठीही सोड, आणि ‘मुंबईत असलेल्या लेकरांका सांभाळ’ ही मागणी गाळू नकोस. आबा ती शेवटी घालीत. तुझ्या टेपला तेल देऊ नये. आणि हे वाचून आपल्या गळ्याविषयी भलता समज करून घेऊ नकोस. तो सगळा गुण तेलाचा आहे.