गोठणाऱ्या रक्ताचा वारसा

मी, रफीका बिन्त सालेह, वय एकेचाळीस, व्यवसाय रेशीम विणणे, राहणार महदिया, हे स्वतःच्या हाताने लिहिते. डोकं ठिकाणावर आहे, जबरदस्ती कोणाची नाही. घाई मात्र आहे. उद्या सकाळी माझ्या हृदयाची झडप बदलणार. त्यासाठी रक्त पातळ ठेवणारी गोळी थांबवून सुया सुरू केल्यात. ल्युपस या आजारामुळे माझ्या गालांवर लाल चट्टा उठतो आणि रक्त आतल्या आतच गोठतं. एका जागी बसवत नाही. तीन ओळी लिहिते, रुग्णालयाच्या व्हरांड्यात फेरी मारते, परत येते.

कलम एक. कायद्याप्रमाणे मिळकतीच्या तीन हिश्शांपैकी दोन धाकटा भाऊ हेदी यास. तिसरा हिस्सा, म्हणजे बंदराकडची विणकामाची खोली मागासकट, त्याची मुलगी शिराझ हिला. माग विकू नये, असं लिहिलं होतं. खोडलं. गरज पडली तर खुशाल विकावा.

कलम दोन. पूर्वीचे पती मोंसेफ यांस काही नाही. माझी तीन मुलं पोटातच गेली. तिसऱ्या वेळी सासूबाई म्हणाल्या, "तुझं पोट म्हणजे कबरस्तान." मोंसेफ शेजारीच उभे होते, गप्प. वर्षभरात तलाक झाला. पुढे विणताना डावा हात लुळा पडला, तेव्हा डॉक्टर अमीरा यांनी दवाखान्याचे जुने कागद चाळून लिहून दिलं, की वारेतलं रक्त गोठत होतं. वेळेवर सुया मिळाल्या असत्या तर मूल कदाचित जगलं असतं. मी त्यांच्यावरच ओरडले. त्याची माफी इथे मागते. त्या कागदाची नक्कल सासूबाईंना वाचून दाखवावी. त्यांना वाचता येत नाही.

कलम तीन. शिराझचा नवरा मासेमारीला गेलाय, ती माहेरी आहे. मागच्या वर्षी तिचं मूल चौथ्या महिन्यात पोटातच गेलं. आता पुन्हा दिवस गेलेत, दोन महिने झालेत, आणि काल तिच्या गालांवर मला माझ्यासारखाच लाल चट्टा दिसला. हेदीला सांगितलं.

"ताई, पोरीला घाबरवू नकोस. नशिबात असेल ते होईल."

"नशिबाला बोल लावण्याआधी तिचं रक्त तपासून घे."

तो फळं ठेवून निघून गेला.

हेदी, तुझ्या हिश्शावर कायदा मला अट घालू देत नाही, म्हणून बहीण म्हणून सांगते. मी गेले तर शिराझला पाहुण्यांच्या चुलीपुढे बसवू नकोस. त्याच सकाळी तिला डॉक्टर अमीरांकडे ने. माझी माती दुपारी झाली तरी चालेल.

सही: रफीका बिन्त सालेह
साक्षीदार: नजात (परिचारिका), हलीमा (शेजारच्या खाटेवरील रुग्ण)
स्थळ: रुग्णालय, सूस. ११ मे २०१६