निळ्या सदऱ्याचा नट

ता. ४

चि. खारूताईस अनेक आशीर्वाद.

आमचा वर्ग एका सुरात कविता म्हणायचा आणि मास्तर टेबलावर छडीने ताल धरायचे. तो आवाज अजून कानात आहे. पुढे उभा जन्म सिनेमातल्या माराचे आवाज मी त्याच तालावर काढले, ओल्या पोत्यावर काठी हाणून. तू धाडलेली मुकी फीत भिंतीवर लावून पाहिली. चौक, तरंगता धूर, लाठ्या. हात शिवशिवले. हाडं मोडल्याच्या आवाजासाठी काकड्या मोडल्या, त्या तुझ्या आजीने तोंड वाकडं करून जेवणात वाढल्या. आवाज पाठवतोय. तेवढा निळ्या सदऱ्याचा नट बदला म्हणावं. फार कच्चा. डोकं उशिरा झाकतो, पडताना हातसुद्धा टेकत नाही.

तिकडे गडबड आहे म्हणतात, जपून. लोभ उतू जाऊ दे.

तुझा आजोबा

ता. ११

ती. आजोबांना साष्टांग नमस्कार.

तुमचे आवाज ऐकून दिग्दर्शक म्हणाले, म्हातारबुवांना मानलं. पण आजोबा, तो नट नाही, शिंपी आहे. जुनं सरकार पडलं त्या दिवसाचं ते खरं चित्रण, दिग्दर्शकांनी आपल्या सिनेमात जोडलेलं. मलाही कालच कळलं. त्याची बायको माझ्या संकलनाच्या खोलीबाहेर उभी होती, तेवढा तुकडा कापा म्हणून विनवत. जुन्या सरकारच्या बाजूने चौकात होते त्यांना नवं सरकार हुडकून आत टाकतंय. तो लपलाय, आणि पडद्यावर चेहरा स्वच्छ दिसतो. कापलं तर माझी नोकरी जाईल. काय करू?

लोभ आहेच, धीरही द्या.

तुमची खार

ता. १५

चि. खारूताईस आशीर्वाद.

दुपारी डोळा लागला. वर्ग भरलेला, मुलं कविता म्हणतायत आणि ताल कुणाच्या तरी पाठीवर पडतोय. जागा झालो तरी थांबेना. पोतं आजीला टाकून द्यायला सांगितलं.

काप, बाळा. इथे मागची खोली रिकामीच आहे. लोभ काही नोकरीवर अवलंबून नाही.

आजोबा

ता. २२

ती. आजोबांना सा. नमस्कार.

कापलं. मूळ फीतही जाळली. दिग्दर्शकांनी दार दाखवलं. रविवारी येते. आजीला सांगा, काकड्या नकोत.

लोभ सोबत आणते.

खार

ता. २६, रविवार

चि. खारूताईस आशीर्वाद.

तू आज आली नाहीस. गाड्या बंद आहेत म्हणे, म्हणून लिहितोय. सकाळी थाप पडली तेव्हा तूच समजून आजी धावली. दारात एक अनोळखी माणूस होता, हात गळ्यात बांधलेला. सदरा पांढरा होता, तरी मी ओळखला. तू त्याच्या बायकोला पत्ता दिला होतास म्हणाला. मग अदबीने विचारलं, सिनेमात आवाज काढणारे आजोबा इथेच राहतात ना.

मला हो म्हणायला फार वेळ लागला.