चोकचं बटण तसंच ठेवलंय

प्रिय खारुताई,

हे नाव तू आता ऑफिसातल्या लोकांसमोर घेऊ देत नाहीस, पण पत्र तुझ्या एकटीच्या हातात पडणार आहे, तेव्हा चालवून घे. शिवाय नाव आठवायला कारणही झालंय. गॅरेजवाल्या मिस्त्रीकाकांनी आपल्या जुन्या गाडीची मागची सीट उचलली, तर खाली तुझा लहानपणीचा सगळा खजिना! पेन्सिलींचे तुकडे, केसांची क्लिप, गोळ्यांचे चिकट कागद आणि चक्क माझं शिवणाचं अंगुस्तान. ते हरवलं म्हणून मी तेव्हा तुझ्या बाबांशी कडाकडा भांडले होते. परवा त्यांची माफी मागितली. कशाबद्दल ते त्यांना कळलं नाही, पण माफी त्यांनी ऐटीत स्वीकारली.

तर गाडी विकलेली नाही. फोनवर तू म्हणालीस, देऊन टाका ती, बाबांना झेपत नाही. मी ‘बघू’ म्हणून विषय बदलला आणि तू चिडलीस. पण फोन बैठकीच्या खोलीत आणि बाबा हल्ली फोनच्या शेजारी ठाण मांडून. त्यांच्या तोंडावर त्यांच्याबद्दल बोलायला माझी जीभ रेटत नाही. म्हणून हे लिहून कळवतेय.

गाडी सुरू करायची त्यांची पद्धत तुला पाठ असेल. चोकचं बटण पूर्ण बाहेर ओढायचं, अ‍ॅक्सिलरेटर तीनदा दाबायचा, जरा थांबायचं, मग चावी. कमी दाबलं तर इंजिन नुसतं खोकणार, जास्त दाबलं तर पेट्रोलने प्लग भिजणार आणि गाडी तासभर रुसून बसणार. तुझ्या वेळी कळा सुरू झाल्या तेव्हासुद्धा या माणसाने शांतपणे तीनदाच दाबलं आणि थांबले. मी मागच्या सीटवरून काय काय बोलले ते तुला सांगण्यासारखं नाही.

गेल्या हिवाळ्यापासून गाडीचे प्लग रोज भिजायला लागले. मिस्त्रीकाकांनी कार्बोरेटर खोलून धुतला, आतले सुटे भाग बदलले, तरी तेच. त्यांच्या हाताने गाडी एका झटक्यात सुरू व्हायची, बाबांच्या हाताने नाही. मग एका सकाळी मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून नीट बघितलं. बाबांनी तीनदा दाबलं, थांबले आणि पहिल्यापासून पुन्हा तीनदा दाबलं. मग पुन्हा. आपलं दाबून झालंय हेच त्यांच्या लक्षात राहत नव्हतं. तेव्हा बाकीच्या गोष्टींचाही मला उलगडा झाला. जेवताना तीच बातमी परत परत का सांगतात, दुकानातून रोज साबण का आणतात. कपाटात इतके साबण साठलेत की तुझ्या नातवंडांच्या आंघोळीची चिंता मिटली. आम्ही डॉक्टरांकडे जाऊन आलो. विसरण्याचाच आजार आहे आणि तो हळूहळू वाढणार आहे. गोळ्या चालू आहेत.

मग मी जास्तीचं शहाणपण केलं. खिडकीत उभी राहून मोठ्याने मोजायला लागले, एक, दोन, तीन, बास! गाडी सुरू व्हायची, पण बाबांचा चेहरा पडायचा. शाळेत बाईंनी उभं केलेल्या मुलासारखे दिसायचे. एकदा माझं हातातल्या कामात मोजायचं राहून गेलं. बराच वेळ इंजिनाचा आवाज नाही म्हणून बाहेर गेले, तर स्टिअरिंगवर हात ठेवून नुसते बसलेले. माझ्याकडे न बघता म्हणाले, “किती वेळा दाबलं गं मी?” अगं, इतक्या वर्षांच्या संसारात या माणसाने मला गाडीबद्दल एक प्रश्न विचारला नव्हता. त्या गाडीपाशी जायलाच ते घाबरू लागले, तर त्यांच्याजवळ त्यांचं असं उरणार काय, हेच दिवसभर डोक्यात घोळत राहिलं.

दुपारी गॅरेज गाठलं. मिस्त्रीकाका म्हणाले, कार्बोरेटर काढून इंजेक्शन बसवता येईल. त्यात इंजिन किती गार आहे ते बघून पेट्रोल किती सोडायचं हे एक छोटा कॉम्प्युटरच ठरवतो, आधी पाय दाबला काय आणि न दाबला काय, सारखंच. मी विचारलं, आणि पुन्हा पुन्हा दाबला तर? ते म्हणाले, “दाबू दे की वहिनी, शंभरदा दाबू दे. गाडी मोजतच नाही.” मी तिथेच ऑइलच्या डब्यावर बसून रडायला लागले. बिचाऱ्यांना वाटलं, मी खर्चाला घाबरले.

खरी धास्ती बाबा काय म्हणतील याची होती. इंजेक्शनच्या गाड्यांना ते जन्मभर स्वयंपाकघरातला मिक्सर म्हणत आलेत. पण त्यांना फसवून काही करायचं माझ्या मनात नव्हतं, मी सगळं सरळ सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाना घेऊन स्वतःच कार्बोरेटर खोलायला बसले. धुऊनपुसून तो आता पुस्तकांच्या कपाटात ठेवलाय, त्याच्यावरची धूळ मी पुसायची नाही अशी मला ताकीद आहे. टाकीत विजेचा पंप बसला, नव्या नळ्या आल्या, धूर बाहेर नेणाऱ्या पाइपला भोक पाडून एक सेन्सर बसला आणि तुझ्या खजिन्याच्या जागी तो कॉम्प्युटर गेला. पेट्रोल किती ते कॉम्प्युटरच ठरवणार, तेव्हा चोकचं आता काही कामच उरलं नव्हतं. मिस्त्रीकाका ते बटण काढून भोक बुजवणार होते. मी म्हटलं, राहू दे. ते म्हणाले, खोटं बटण बाबांना लगेच कळेल. मग त्यांनीच डोकं लढवलं आणि पंपाची तार त्या बटणाला जोडली. आता बटण ओढलं की मागे टाकीत पंप गुणगुणायला लागतो, आणि ओढल्याशिवाय गाडी सुरूच होत नाही.

पहिल्या दिवशी बाबांनी बटण ओढलं, पंप ऐकला, तीनदा दाबलं. थांबले. पुन्हा दाबायला लागले. माझ्या तोंडात आकडा आला होता, तो मी गिळला. त्यांनी हवं तितकं दाबून घेतलं आणि चावी फिरवली, तर गाडी पहिल्याच झटक्यात सुरू! बराच वेळ ते कान देऊन ऐकत होते. मग म्हणाले, मिक्सर बरा चालतोय. आता रोज सकाळी ते गाडी सुरू करतात, खाली उतरतात आणि शेजारच्या सीटवर जाऊन बसतात. चालवते मी, आणि माझ्या गिअर बदलण्यावर त्यांची टीका चालू असते. ती एकदा ऐकली की दिवस बरा जातो.

तू पुढच्या महिन्यात येतेस. आम्ही दोघं तुला घ्यायला स्टेशनवर येऊ, गाडी तेच सुरू करतील. वाटेत ते विचारतील, प्रवास कसा झाला. तू सांगशील. दोन चौक गेले की पुन्हा विचारतील, आणि घर येईपर्यंत आणखी कितीदा तरी. तू लगेच माझ्याकडे बघशील, तुझा स्वभाव मला माहीत आहे. बाळा, बघू नकोस. तू हे आधी वाचलेलं असावं म्हणूनच हे पत्र. दर वेळी पहिल्यांदा सांगितल्यासारखं सांग, प्रवास छान झाला बाबा. मी मोजणं सोडलंय. तूही मोजू नकोस.

वाट बघणारी तुझीच,
आई